बायकोचा कोपरा

विसरवाडीजवळची खडीची खदान बंद पडली, तेव्हा ठेकेदाराने मला शेवटचं काम दिलं. खदानीतून निघालेला डबर आणि क्रशरची चुरी यांचं एक मोठं टेकाड मागे उरलं होतं. त्यावर झाडं उभी करायची होती. माझ्याकडे शेतीची पदविका होती, तापीकाठच्या काळ्या जमिनीत वाढल्याचा अभिमानही होता. मी खड्डे खोदून घेतले, गाळाची माती भरली, कडुनिंब आणि गुलमोहराची कमरेएवढी रोपं लावली आणि टँकर लावला.

आम्ही खदानीच्याच दोन खोल्यांत राहत होतो. एके दिवशी बायको म्हणाली, "तो मांगला कोपरा माले द्या."

"काय करशी तठे?"

"देखसू."

मी हसून होकार दिला. टेकाडाच्या त्या मागच्या कोपऱ्यात टँकरचा पाइपही पोचत नव्हता.

विसरवाडीच्या बाजारात रानभाज्या विकायला येणाऱ्या कोकणी आदिवासी बायकांशी तिची ओळख होती. त्यांना विचारून ती कामाला लागली. उतारावर दगडांच्या आडव्या ओळी रचल्या. ओळींमागे सागाचा पालापाचोळा आणि गोठ्यातलं झाडलोटीचं शेण भरलं. त्यावर गवताचं, तागाचं आणि तरोट्याचं, म्हणजे टाकळ्याचं, बी फेकलं. झाड एकही नाही. मी म्हणालो, "याला हिरवळ म्हणत नाहीत, रान माजणं म्हणतात."

उन्हाळ्यात माझी रोपं वाळली. चुरीत पाणी ठरतच नव्हतं, टँकरने ओतलेलं सरळ खाली जायचं. तिच्या कोपऱ्यात मात्र वाळलेल्या गवताखाली हात घातला तर ओल लागायची. मी एकदा हात घालून पाहिला होता. ती घरात असताना.

पुढच्या पावसाळ्यानंतर जिल्ह्याहून साहेब पाहणीला आले. माझ्या नव्याने लावलेल्या रोपांवर त्यांनी नजर फिरवली आणि ते मागच्या कोपऱ्यापाशी थांबले. तिथे गुडघाभर गवत होतं. त्यात पळसाची आणि खैराची रोपं आपसूक आली होती.

"हे कोणी केलं?"

मी तोंड उघडायच्या आत ठेकेदार म्हणाला, "यांच्या मिसेसनी."

साहेबांनी तिला बोलावून घेतलं. "कुठे शिकलात, ताई?"

"शिकले नाही, साहेब. बायांना विचारलं."

साहेब तिच्याशी अर्धा तास बोलले. मी त्यांची पाण्याची बाटली धरून उभा होतो. त्या दिवसानंतर कोणीही आलं की "मॅडम कुठे आहेत?" असंच विचारायचं. मी तिच्या हातचं जेवायचो आणि मनात तिचाच राग राग करायचो. भाजीत मीठ कमी पडलं तरी मला बरं वाटायचं.

भाचीच्या लग्नासाठी ती आठ दिवस माहेरी गेली. त्याच आठवड्यात टेकाडाचा माथा सपाट करायला जेसीबी आला. चालकाने मागच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, "साहेब, हेही ओढून घेऊ का? माथ्यावर पसरायला माती पुरत नाहीये."

नाही म्हणायला एक शब्द लागला असता. मी म्हणालो, "घे."

ती परतली आणि पिशवी हातात असतानाच मागे गेली. बराच वेळ आली नाही. मी दारातून पाहिलं, ती विस्कटलेले दगड एकावर एक ठेवत होती आणि पुन्हा खाली टाकत होती.

"कोनी करं हाई?" आल्यावर तिने विचारलं.

"जेसीबीवालानी चूक व्हयनी."

दोन दिवसांनी तोच चालक डिझेल भरायला आला. तिने त्याला चहा दिला. माझ्याकडे मान करून तो सहज बोलून गेला, "साहेब बोलले म्हणून ओढलं, वहिनी. माती मस्त होती तिथली."

तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्हले देखवनं नही," एवढंच म्हणाली आणि कप उचलून आत गेली. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

पावसाळा सरला तेव्हा माथाभर गवत उभं होतं. तिची माती पसरली होती, त्या मातीतलं बी सगळीकडे उगवलं होतं. माथ्यावर पुन्हा लावलेली माझी रोपंही त्या गवतात प्रथमच तग धरून राहिली. ठेकेदाराने माझी पाठ थोपटली. मी खरं काय ते सांगितलं नाही. ती शेजारीच उभी होती.

आता ती त्या कोकणी बायकांबरोबर हायवेपलीकडच्या दुसऱ्या बंद खदानीवर काम करते. मी तिला मोटारसायकलवर सोडतो. गेल्या आठवड्यात मी विचारलं, "मी येऊ का आत?"

"दगड उचलना पडतीन."

दिवसभर उचलले. दगड कुठे ठेवायचा ते प्रत्येक वेळी तिला विचारावं लागत होतं. दुपारी त्या बायका त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या, ती खळखळून हसली. माझ्यासोबत ती अशी हसून किती दिवस झाले, ते मला आठवेना. मी पाठ फिरवून पुढचा दगड उचलला.