गाय अडली तेव्हा निहारची आई दारात होती

डॉक्टरचा हात खांद्यापर्यंत गाईच्या आत गेला होता आणि नेमकी तेव्हाच निहारची आई दारात आली. गळ्यात कंपनीचं कार्ड, कानाला फोन.

विश्रांतवाडीत मी बरीच वर्षं पाळणाघर चालवलं. आयटीतल्या आईबापांची मुलं असत. सहाला न्यायची मुलं सातलाही बसलेली. त्या तासात मी टीव्ही लावायचे. खेड्यातल्या गुरांच्या डॉक्टरची एक परदेशी मालिका होती, हिंदीत बोलणारी.

"काकू, लहान मुलांना हे दाखवता?"

"वासरू अडलंय. काढतोय तो."

"निहार पाच वर्षांचा आहे. कार्टून लावा. नाहीतर मी त्याला काढते. आमच्या कंपनीच्या बसमधल्या बाकीच्या आयाही काढतील."

बाकीच्या म्हणजे माझी निम्मी मुलं.

माझं शिक्षण चौथी. पण मुलांपुढे काही लावायचं तर आधी मी बघणार, हा नियम. भाग रात्री लागायचा, दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा. एका भागात मालक घोड्याला चाबकाने फोडून काढतो. तो मी दाखवला नाही, पत्ते खेळलो. वासराचा बघितला होता. त्यात वाईट काही नव्हतं.

"तुमच्याकडे रात्री काय लागतं?"

"फॅमिली सीरियल. जेवताना बघतो."

"त्यातली सून दुधात विष कालवते. निहार इथे बाहुलीला तेच पाजतो."

तिने कानाचा फोन खाली घेतला. मग म्हणाली, "तुम्ही हे बंद करणार की नाही?"

"नाही. तुम्ही सहाला या. तेव्हा सुरूच झालेलं नसतं."

सोमवारपासून निहार आला नाही. त्याच्यामागे आणखी तिघं गेली. मी कोणाला बोलवायला गेले नाही. मालिका चालू राहिली.

पुढे एकदा तिचा फोन आला. "काकू, त्या डॉक्टरच्या म्हाताऱ्या कुत्र्याचं पुढे काय झालं? निहार झोपत नाहीये."

"मेला."

"असं कसं सांगू त्याला?"

"त्याच्याकडे द्या फोन."

मी सांगितलं. निहारने विचारलं, "नीट पुरलं का त्याला?"

"हो. झाडाखाली. सगळे होते."

"बरं," म्हणाला आणि झोपायला गेला. फोनवर नाक ओढल्याचा आवाज आला. ते निहारचं नव्हतं.

ती मालिका कुटुंबाने मिळून बघण्यासारखी होती का, असं अजून कोणीतरी विचारतं. होती. कुटुंब वेळेवर आलं तर.