बाळाशिवायचं बाळंतपण

"अब्रप्शन झालंय," अमरावतीच्या डॉक्टरबाई उभ्याउभ्याच म्हणाल्या. "म्हणजे बाळाची वार वेळेआधीच गर्भाशयापासून सुटली आहे. आत रक्तस्राव होतोय. आत्ताच सिझेरियन करावं लागेल."

माझा जावई नीलेश सही करायला धावला. माझी मुलगी प्राची स्ट्रेचरवरून मला म्हणाली, "बाबा, गॅसवर दूध ठेवलं होतं मी. बंद केला का कोनं?" मी म्हणालो, "केला." खरं तर मला ठाऊक नव्हतं.

मी तिला सहज भेटायला तिच्या सासरी अमरावतीला आलो होतो. पुढच्याच आठवड्यात मी तिला पहिल्या बाळंतपणासाठी अकोल्याला माहेरी आणणार होतो. तिची आई हयात नाही, म्हणून माझी बहीण निर्मला चांदूर बाजारहून येणार होती. मी एका डाळ मिलमध्ये वजन-हिशेबाचं काम करतो; घरीही एक छोटा काटा आहे. तयारीही हिशेबानेच केली होती: बाज विणून घेतली, डिंक आणला, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवून घेतली. ज्यांच्या घरी अशी तयारी तशीच पडून राहिली असेल, त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे.

मुलगा झाला. वजन दोन किलो चारशे ग्रॅम. पण तो रडला नाही. बाळाचे डॉक्टर म्हणाले, "बर्थ अस्फिक्सिया. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला." त्याला एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात ठेवलं.

सिझेरियननंतर दुसऱ्या दिवशी लघवीची नळी काढतात आणि बाईला उठवून चालवतात. चाललं नाही तर पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. वॉर्डातल्या बाकीच्या बाया उठताना कण्हत होत्या. प्राचीला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. एनआयसीयू त्याच मजल्यावर टोकाला होतं. एक हात पोटावर, एक माझ्या खांद्यावर, अशी वाकून ती गेली. काचेच्या पेटीला गोल खिडकी असते. तिथून हात घालून तिने त्याच्या तळपायाला बोट लावलं.

"उचलून घेऊ का?" तिने विचारलं.

"नळ्या निघाल्या की घ्या हं," सिस्टर म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी नळ्या निघाल्या, पण तोवर तो गेला होता. आमच्याकडे इतक्या लहान जिवाला आईपुढे आणत नाहीत. पुरुष माणसं त्याला परस्पर नेतात आणि माती देतात. तसंच झालं. प्राचीने विचारलं तेव्हा आम्ही परत आलो होतो.

घरी सोडताना सिस्टर सूचना देत होत्या. टाके कोरडे ठेवा. ताप आला, पाणी आलं, वास आला तर लगेच दाखवा. खोकताना पोटावर उशी धरा. सवयीने पुढचंही बोलून गेल्या, "आणि सहा आठवडे बाळाच्या वजनापेक्षा जड काही उचलायचं नाही." मग त्या एकदम थांबल्या.

प्राची म्हणाली, "मले कसं कळन ते किती असते? मी तर उचललंच नाही त्याले."

सिस्टरांनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

नीलेश कामासाठी अमरावतीलाच थांबला, मी तिला अकोल्याला आणलं. घरी एक चूक झाली, ती मुद्दाम सांगतो. मूल नाही म्हणून घराने तिला बाळंतीण मानलंच नाही. गल्लीतल्या बाया फिरकल्या नाहीत. मालिशवाल्या मावशींना नको म्हणून सांगितलं. चांदूर बाजारहून आलेल्या निर्मलाने डिंकाचा डबा फळीवर मागे सारला.

"लाडू नाही करत का?" मी विचारलं.

"लेकरू नाही, मंग बायतीन कायची, दादा? अन् लाडू खाऊन दूध उतरलं त काय करू मी? कोनाले पाजन ते?" असं म्हणून ती पदर तोंडाला लावून आत गेली.

दूध लाडवांविनाच उतरलं. छाती दगडासारखी झाली, ताप भरला. प्राची कोणाला काही बोलली नाही. बाळंतीण नाही म्हटल्यावर तीही बाळंतिणीसारखी वागेना. ती केर काढायची, खाली बसून भांडी घासायची. नळाला पाणी आलं त्या सकाळी आम्ही नको नको म्हणेस्तोवर तिने भरलेला गुंड, म्हणजे मोठी घागर, कमरेवर घेतला. दुपारी गाऊनला जखमेचं पाणी लागलेलं दिसलं. टाक्याचं एक टोक उसवलं होतं.

अकोल्याच्या डॉक्टरांनी जखम साफ केली आणि मला समोर बसवलं. "सात थर कापून बाळ काढतात, काका. बाळ नाही म्हणून जखम लहान होत नाही. ती बाळंतीणच आहे." दूध आटायला गोळी दिली. छाती पिळू नका, गार कपडा ठेवा, घट्ट आधार द्या, म्हणाले. रोज चालायचं, पण थोडंथोडं वाढवत. वाकणं, उकिडवं बसणं, गाडी चालवणं इतक्यात नको. आणि तिला रडू द्या.

घरी येऊन मी निर्मलाला हे सगळं सांगितलं. तिने फळीवरून डबा काढला. मावशी आल्या. पोट सोडून हात, पाय, पाठ चोळताना त्या प्राचीला म्हणाल्या, "कोनावर गेलता व माय तो?"

तोवर हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. "नाक बाबाचं होतं," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा मोठ्याने रडली.

"बरं झालं कान नाही घेतले," निर्मला डोळे पुसत म्हणाली. "दादाचे कान म्हंजे सुपं." रडता रडता प्राची हसली आणि लगेच टाक्यावर हात दाबून म्हणाली, "आत्या, हसवू नको न व, दुखते."

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी जखम पाहिली. "भरली छान. आता हळूहळू सगळं करा," म्हणाले.

त्या दिवशी घरी आल्यावर प्राचीने एक दुपटं आणून माझ्यापुढे ठेवलं. "बाबा, तुमच्या काट्यावर तूरडाळ मोजून द्या न. त्याच्याएवढी."

मी मोजली. आयुष्यभर डाळ मोजली, पण त्या दिवशी काटा मला नीट दिसेना. मी दुपट्याची गाठ मारली. तिने ते दोन्ही हातांनी उचललं, खांद्याशी धरलं आणि बाजेवर बसून राहिली. निर्मला दारात उभी होती. 

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना मी एवढंच सांगेन: आईच्या हातात तिचं मूल द्या. श्वास थांबला असला तरी द्या. नंतर डाळ मोजून ते होत नाही.

बऱ्याच वेळाने ती उठली. तिने गाठ सोडली, वाटीभर डाळ बाजूला काढली आणि बाकीची डब्यात ओतली. दुपटं घडी करून तिने आपल्या कपाटात ठेवलं.

"आत्या, तू बस," ती म्हणाली. "कुकर मी लावते."