‘चालवू नये’ – द. सुर्वे

दत्ताजीराव सुर्वे आणि मी मांजलपूरच्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, समोरासमोरच्या दारांत राहतो. बावीस वर्षांत त्यांनी मला एकदाही मंदाताई म्हटलेलं नाही. बडोद्यात जन्मलेला माणूस, तो ‘मंदाबेन’च म्हणणार. मी गणिताची निवृत्त शिक्षिका आहे आणि मला घोळ सहन होत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात घोळाशिवाय काही नाही, आणि त्यातला थोडा मी घातलेला आहे.

दत्ताजीराव चौतीस वर्षं एका रंगाच्या कारखान्यात फिटर होते. तिथं एक नियम होता. यंत्र दुरुस्तीला घेतलं की फिटरनं त्यावर लाल पुठ्ठ्याचा टॅग बांधायचा: ‘चालवू नये’, खाली नाव आणि तारीख. ज्यानं बांधला त्यानंच सोडायचा. मॅनेजर आला तरी त्यानं हात लावायचा नाही. एकदा कुणीतरी घाईत दुसऱ्याचा टॅग सोडून बटण दाबलं आणि दत्ताजीरावांचे जोडीदार बळवंतराव यांची दोन बोटं गेली. तेव्हापासून हा नियम त्यांच्या घरातही आला. मिक्सर बिघडला, टॅग. इस्त्री झटका देते, टॅग. त्यांची बायको निरुपमा मोठी खट्याळ. नवरा तापानं फणफणलेला असताना कामावर निघाला, तर तिनं त्याच्याच गळ्यात टॅग अडकवला आणि खाली स्वतःची सही केली. तीन दिवस हा गृहस्थ गळ्यात पुठ्ठा घालून पडून होता, पण त्यानं तो काढला नाही.

निरुपमा गेली त्याला चार वर्षं झाली. घरात आता दत्ताजीराव आणि मुलगी रसिका. रसिका मकरपुऱ्याकडच्या एका कंपनीत इंजिनिअर आहे आणि सुट्टीच्या दिवशी बारीक टायरांच्या, वाकड्या हँडलच्या सायकलवरून पन्नास-शंभर किलोमीटर फिरून येते. का, ते मला विचारू नका. यंदा तिची पुण्याला बदली ठरली. बाबांनाही घेऊन जायचं की इथंच राहू द्यायचं, हा प्रश्न होता. दत्ताजीरावांना बडोदं सोडायचं नव्हतं. तसं ते कुणाकडे बोलले नाहीत, पण खंडेराव मार्केटमधून भाजी आणताना दोन-दोन तास घालवायला लागले, त्यावरून मी ओळखलं.

तेवढ्यात तो गॅसचा प्रकार झाला. दूध उतू गेलं, ज्योत विझली, गॅस चालूच राहिला आणि दत्ताजीराव बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले. रसिका आली म्हणून बरं. ती ओरडली नाही. तिनं शेगडीच्या वर चिकटपट्टीनं एक कागद लावला: ‘बाबा, गॅस बंद केलात का?’ आणि मला जिन्यात सांगितलं, "मावशी, आता त्यांना एकटं कसं ठेवू? पुण्याला नेते. आणखी एक काहीही झालं, की तिकीट काढते."

त्या कागदानं माणूस बदलला. चौतीस वर्षं हुकूम सोडलेला फिटर प्रत्येक वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावायला लागला. आज गुरुवार ना? भाजीत मीठ घातलं ना मी? मला रागच आला. म्हटलं, "भाऊ, फाडून टाका तो कागद!"

"ज्यानं लावला त्यानंच काढायचा, मंदाबेन," ते म्हणाले. "नियम माझाच छे ने."

अशात रसिकानं त्यांना सायकलचं काम दिलं. रविवारी पहाटे तिला मित्रमंडळींबरोबर डभोईवरून राजपिपळ्यापर्यंत जाऊन यायचं होतं, दीडशेच्या वर किलोमीटर. चेन जुनी झाली होती, नवी तिनं मागवून ठेवली होती. दुकानात टाकायला वेळ नव्हता म्हणून दिलं, की बाबांचं मन रमावं म्हणून, की परीक्षा म्हणून, मला अजून कळलेलं नाही. दत्ताजीरावांनी मात्र ती परीक्षाच धरली.

बुधवारी त्यांनी खाली पार्किंगमध्ये सायकल उलटी उभी केली. शिसपेन्सिल कानावर, हातात पोलादी फूटपट्टी. चेनवर पट्टी धरली. नव्या चेनमध्ये बारा इंचांत कड्यांचे बरोबर बारा जोड बसतात म्हणे, ही बारा इंचांवर सूतभर पुढं गेली होती. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणजे कड्यांमधले खिळे झिजून चेन लांबलेली. मग मागच्या चाकाकडे बघितलं. तिथं एकाला लागून एक अशी अकरा दातेरी चक्रं असतात, त्या थप्पीला कॅसेट म्हणतात. दत्ताजीरावांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि रसिका कामावरून येताच म्हणाले, "चेन एकटी बदलून चालायचं नाही. दातेपण गेलेत. हे बघ, हा बुटका, हा तिरका, हा एका बाजूनं खाल्लेला."

"बाबा, ते तसेच असतात," रसिका हेल्मेट काढता काढता म्हणाली. "गिअर बदलताना चेन चढावी म्हणून मुद्दाम तसे कापतात. नव्यालाही तसेच असतात. हा तुमचा प्लँट नाही."

ती खोटं बोलत नव्हती. तिनं फोनवर नव्या कॅसेटचा फोटो दाखवला, आणि खरंच, कोऱ्या करकरीत चक्रावरही दाते वेडेवाकडे. दत्ताजीरावांनी फोटो बघितला, चक्र बघितलं, परत फोटो बघितला. आयुष्यभर त्यांनी एकसारख्या दात्यांची चक्रं पाहिली होती. मुद्दाम वाकडे केलेले आणि झिजून वाकडे झालेले यांत फरक कसा ओळखायचा? मलाही काही कळलं नाही. "असेल बुवा," ते म्हणाले, आणि विषय संपला.

गुरुवारी नवी चेन बसवायची होती. ती जास्त लांब येते, जादा कड्या काढून टाकाव्या लागतात. जुनी लांबलेली असल्यामुळे तिच्याशी लांबी जुळवायची नाही, कड्या मोजायच्या, हे दत्ताजीरावांना पक्कं माहीत होतं. त्यांनी जुनीच्या मोजल्या: एकशे दहा. पुन्हा मोजल्या: एकशे आठ. तिसऱ्यांदा मोजताना मध्येच वॉचमननं "केम छो काका?" केलं आणि सगळं पुसलं गेलं. मग माझ्याकडे आले. मी गणिताची शिक्षिका, ऐटीत बसले आणि मोजून सांगितलं, एकशे नऊ.

"एकशे नऊ असूच शकत नाही," ते म्हणाले. "एक आतली, एक बाहेरची, जोडीनं असतात. समच येणार."

माझं नाक कापलं गेलं. मग आम्ही दोघांनी माझ्या डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि दर दहा कड्यांना एक हरभऱ्याचा दाणा ठेवत मोजलं. अकरा दाणे, एकशे दहा. टेबलक्लॉथचं काय झालं ते सोडा.

नवी चेन बसली. सायकल उलटी ठेवून हातानं पायडल फिरवलं तर तिचा आवाज शिलाई मशीनसारखा गोड. अकराच्या अकरा गिअर पडले. दत्ताजीरावांनी एकेका कडीवर तेलाचा एकेक थेंब सोडला, फडक्यानं वरचं पुसून घेतलं आणि कितीतरी दिवसांनी गुणगुणले.

शुक्रवारी ते स्वतः सायकलवर बसले. एकोणसत्तराव्या वर्षी! सोसायटीत दोन चकरा मारल्या, सगळं छान. मग तळघरातल्या पार्किंगमधून वर येणाऱ्या चढावर जोर लावला आणि खट्! चेन दात्यांवरून उडी मारून पुढं घसरली, पायडल एकदम खाली गेलं, गुडघा हँडलवर आदळला. उतरून बघितलं तर चेन जागेवर. उलटी करून फिरवली तर पुन्हा शिलाई मशीन. चढावर नेली, खट्. तीही कायम नाही. मधल्या दोन-तीन चक्रांवरच, आणि जोर दिला तरच.

यापुढं जे झालं ते मी गॅलरीतून पाहिलं आणि मला बघवेना. त्यांनी चेन काढली, घातली. मागची तार सैल केली, आवळली. कड्या पुन्हा मोजल्या, या वेळी शेंगदाणे घेऊन. एकेक कडी बोटांत वाकवून बघितली. सगळं बरोबर होतं आणि तरी चुकत होतं. संध्याकाळी काळ्या हातांनी माझ्या दारात उभे राहिले. "मंदाबेन, खरं सांगा. मी काहीतरी विसरतोय का? एखादं काम केलंय असं वाटतंय आणि केलंच नाहीये, असं?"

मी तव्यावर भाकरी टाकली होती. मागं न बघता म्हणाले, "वय झालं की होतंच भाऊ. साठी बुद्धी नाठी, आपण तर सत्तरीला आलो."

गमतीनं म्हटलं होतं. ते हसले नाहीत. अशा वेळी माझी जीभ का आवरत नाही, देव जाणे. त्या रात्रीचं जेवण मला गोड लागलं नाही.

त्यांनी रसिकाला खट् झाल्याचं सांगितलं. तिनं एक चक्कर मारली, सपाट रस्त्यावर, हलक्या पायानं. काही झालं नाही. "तुम्ही गिअर अर्धवट टाकला असेल बाबा," ती म्हणाली. प्रेमानंच म्हणाली. पण मी तिच्या डोळ्यांत बघितलं, तिथं पुण्याचं तिकीट निघालेलं होतं.

शनिवारी चारच्या सुमाराला रसिका उद्यासाठी केळी आणि खजूर घेऊन आली, तर सायकलच्या हँडलला लाल टॅग. ‘चालवू नये. द. सुर्वे.’ खाली तारीख. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर दत्ताजीराव, आणि पायरीवर चपला काढून बसलेली मी.

"हे काय बाबा?"

"उद्या जाऊ नको."

"का? काय बिघडलंय?"

"मला कळत नाही," दत्ताजीराव म्हणाले.

बावीस वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. रसिका भडकली. एक महिना तयारी केली, नऊ जण वाट बघणार, आणि कारण काय तर कळत नाही! "तुम्हाला कळत नाही म्हणून मी थांबू?"

"हो," ते म्हणाले. "कुठं बिघडलंय ते कळत नाही. बिघडलंय एवढं कळतं. वाटेतल्या पुलाच्या चढावर तू उभी राहून जोर देशील आणि मागून ट्रक असेल. मला वेडा म्हण, पुण्याला ने, पण उद्या यावर बसू नको."

रसिकानं टॅगकडे हात नेला. दोरीपाशी बोटं नेऊन ती थांबली. मिक्सर, इस्त्री आणि गळ्यात पुठ्ठा घातलेले बाबा बघत वाढलेली मुलगी ती. तिनं हात मागं घेतला, सायकल धरली आणि ढकलत फाटकाबाहेर निघाली. मीही चपला घातल्या. दत्ताजीरावांच्या तोंडाकडे बघत थांबणं मला जमलं नसतं.

सायकलवाले प्रतापसिंह दीड किलोमीटरवर. तिथवर ती चालत गेली, टॅग हँडलवर हलतोय. प्रतापसिंहांनी मागचा ब्रेक दाबून पायडलवर सगळा भार दिला, खट्. त्यांनी वाकून मधल्या चक्रांवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "बेन, कॅसेट गई छे. नवी चेन जूना दांता पर ना चाले."

मग समजावून सांगितलं. जुनी चेन आणि जुने दाते बरोबरीनं झिजले, म्हणून त्यांचं एकमेकांत जमत होतं. नवी चेन त्या खाल्लेल्या दात्यांत बसत नाही, जोर आला की घसरते. दाते मुद्दाम वाकडे कापतात हे खरंच. पण ही चक्रं त्यावर झिजलीही आहेत. "चेन कोणे बेसाडी? एकदम परफेक्ट छे."

बुधवारी बाबांनी हेच सांगितलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि फाशीचा दोर ओढायला मीही होते, भाकरी भाजता भाजता.

नवी कॅसेट बसली. प्रतापसिंह टॅगची दोरी कापायला गेले, तर रसिका जवळजवळ ओरडली, "एने हाथ ना लगाडता!" त्यांनी चालवून बघायला सांगितलं, तिनं नाही म्हटलं. उत्तम चालणारी सायकल दीड किलोमीटर ढकलत आणणारी मुलगी बघून ते माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, घरचा नियम आहे.

दत्ताजीराव त्याच खुर्चीवर होते. रसिका त्यांच्यासमोर सायकल उभी करून म्हणाली, "दातेच गेले होते बाबा. तुम्ही बुधवारी बोलला होतात, मी ऐकलं नाही. चेन परफेक्ट आहे म्हणाले. आता टॅग सोडा, मग चालवते."

त्यांनी लगेच सोडला नाही. कॅसेटवर बोट फिरवलं, ब्रेक दाबून पायडलवर उभे राहिले, दोनदा. मग खिशातला चाकू काढून दोरी कापली आणि टॅगच्या मागं वेळ घालून सही केली. रसिका तळघरातल्या चढावरून जोर लावून वर आली. काही आवाज नाही. सायकल लावून ती धावत जिना चढली, परत आली तेव्हा तिच्या हातात शेगडीवरचा तो कागद होता, कोपऱ्यांना चिकटपट्टीसकट.

"मी लावला होता," ती म्हणाली. "मीच काढलाय."

दत्ताजीरावांनी कागद घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. तरी हा माणूस खोटं बोलेल तर शपथ! म्हणाले, "पण त्या दिवशी गॅस खरंच राहिला होता गं, रसिका."

ती त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसली. पुण्यात तिनं एकटीपुरतीच खोली बघितल्याचं मला पुढच्या आठवड्यात कळलं.

रविवारी सकाळी नऊला मी साखर मागायला गेले. डभोई मागं टाकल्याचा फोन येऊन गेला होता, दत्ताजीराव आंघोळीला गेले होते, दार नुसतं लोटलेलं. त्यांच्याकडेच चहा टाकावा म्हणून मी शेगडीपाशी गेले. कागदाच्या जागी भिंतीवर चौकोनी पांढरा डाग होता. खाली गॅसचा कॉक आडवा बंद, आणि त्याला लाल टॅग बांधलेला: ‘बंद केला. द. सुर्वे. ८.४०.’

मी साखरेची वाटी उचलली आणि माझ्या घरी येऊन चहा केला.