नवाबाचा काळा रंग

काळा कोंबडा फोटोत काळा दिसला पाहिजे, एवढीच माझ्या सासूबाईंची अट होती.

माझी सासरवाडी शिरड शहापूरची. तिथे सासूबाईंनी पिल्लापासून वाढवलेला एक कडकनाथ कोंबडा आहे, त्याचं नाव नवाब. पिसं काळी, पाय काळे, तुरासुद्धा काळा. पण गल्लीतल्या बायांनी उठवलं होतं, की म्हातारीनं साध्याच कोंबड्याला केसांचा रंग लावलाय! हे सासूबाईंच्या फार जिव्हारी लागलं. नवाब पशुप्रदर्शनात गेला की सगळ्यांची तोंडं बंद होणार होती. त्यासाठी जनावरांच्या डॉक्टरांना रविवारी बारा वाजेपर्यंत मोबाइलवर फोटो पाठवायचा होता. ते ‘अस्सल’ म्हणाले तरच प्रवेश.

“फोटोचं माझ्याकडे लागलं!” असं मी फोनवर बोलून बसलो. (माझा मोठा कॅमेरा तेव्हा चार महिन्यांचा होता आणि त्यात फक्त बायकोचे डोळे मिटलेले फोटो होते.)

रविवारी दहाला मी आणि बायको, संगीता, पोचलो. खळ्यावर ताडपत्री टाकून शिजवलेली हळद वाळत पसरली होती. वर लख्ख ऊन, खाली पिवळंधमक अंगण आणि मधोमध नवाब. असा देखावा मिळायला नशीब लागतं! मी लांबूनच खटाखट दहा फोटो काढले आणि त्यातला एक मोबाइलवर घेऊन डॉक्टरांना पाठवूनही दिला.

मेहुणा गजू मोबाइलमध्ये डोकावला. “दाजी, यात कोंबडा कुठं हाय?”

“हा काय मधला.”

“हा? मला वाटलं ताडपत्रीला भोक पडलं!”

डॉक्टरांचंही तेच उत्तर आलं : ‘काही दिसून नाही राहिलं. पुन्हा पाठवा.’

मी गजूला शास्त्र समजावलं. आजूबाजूला फार उजेड असला की कॅमेरा घाबरून सगळंच अंधारं करतो. मग आपण एक्स्पोजर, म्हणजे आत येणारा उजेड, वाढवायचं, म्हणजे काळी पिसं उघडतात. मी ते चांगलं दोन घरं वाढवलं आणि पिसं नीट दिसावीत म्हणून नवाबाच्या अगदी जवळ गेलो. इथे माझी विद्या संपली. चौकटभर काळा रंग दिसला, की कॅमेरा स्वतःहूनच उजेड वाढवतो, हे मला ठाऊक नव्हतं. त्याने वाढवला, मीही वाढवला. दोघांनी मिळून नवाबाला राखेत लोळवून काढलं!

डॉक्टरांनी कळवलं : ‘हा कडकनाथ नाही. राखाडी आहे.’

सासूबाई मटकन खाटेवर बसल्या. “जावईबापू, तेवढा काळा व्हता, तोबी घालवला तुमी!”

“भूगोल शिकवता ना शाळेत?” संगीता म्हणाली. “मग ऊन कुठून येतं तेवढं तरी पाहा!”

आता माझ्या इभ्रतीचा प्रश्न होता. मी वाढवलेलं सगळं उतरवलं. सावलीकडची पिसं उजळावीत म्हणून गजूच्या हातात पांढरं धोतर दिलं आणि त्यावरून ऊन नवाबावर टाकायला लावलं. धोतर फडफडताच नवाब कडब्याच्या गंजीवर गेला. दाणे टाकून, विनवण्या करून त्याला उतरवण्यात सासूबाईंचा अर्धा तास मोडला. मी तोवर बटणांशी झुंजत होतो. अखेर जमलं! काळ्या पिसांवरची हिरवट झाक, पायांचे खवले, सगळं लख्ख. मी अभिमानाने फोटो पाठवला.

उत्तर लगेच आलं : ‘तुरा लाल. कडकनाथचा तुरा लाल नसतो.’

मी झूम करून पाहिलं. खरंच, लालभडक!

“आई, याला काहून कुंकू लावलं?” गजू ओरडला.

“मंग? बैल प्रदर्शनाला निघाला की लावत न्हाई व्हय? नवाब काय बिनकुंकवाचा जाईल?”

“दाजी, एवढी पीस न् पीस पाहिली तुमी, आन् तुरा न्हाई दिसला?”

काय सांगणार! मी तुऱ्याकडे पाहतच होतो, पण तो उजेडाने पांढरा तर पडत नाही ना, एवढंच.

बाराला दहा कमी होते. सासूबाईंनी ओल्या फडक्याने तुरा पुसला, तसा नवाब चिडून सुटला तो थेट हळदीत. मागे मी! पाय घसरला आणि मी ओल्या हळदीवर पालथा पडून चांगला सात-आठ हात घसरत गेलो. कॅमेरा एका हातात वर धरलेला होता, म्हणून तो वाचला. मी मात्र डोक्यापासून टाचेपर्यंत पिवळा. उठणार तोच पाठीवर नखं रुतली. नवाब माझ्यावर चढून, मान ताठ करून, झकास आरवत होता.

“हलू नका, तुमाला माझी शपथ!” संगीता ओरडली आणि आपल्या साध्या मोबाइलने तिने एकच फोटो काढून पाठवला.

बाराला दोन मिनिटं कमी असताना उत्तर आलं : ‘अस्सल. फोटो एक नंबर!’

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही फार बरं वाटलं. (मी अजून पालथाच होतो.)

प्रदर्शनात नवाबाच्या पिंजऱ्यावर तोच फोटो मोठा करून टांगला होता. गल्लीतल्या बाया डोळे फाडून बघत होत्या. मी इस्त्रीचा शर्ट घालून मुद्दाम जवळ उभा राहिलो. एवढ्यात डॉक्टर आले आणि सगळ्यांना समजावून सांगू लागले, “बघा, भर उन्हात काळा पक्षी टिपणं सोपं नसतं. जवळ फार पांढरी नाही, फार काळी नाही अशी एखादी मधल्या रंगाची वस्तू ठेवली, की कॅमेऱ्याला उजेडाचा बराबर अंदाज येतो. इथं कोंबड्याखाली हे हळदीचं पोतं ठेवलंय ना, त्यानं सगळी कमाल केली. ही कल्पना कुणाची?”

“पोतं कुठलं, डाक्टरसाहेब?” सासूबाई छाती पुढे काढून म्हणाल्या. “जावई हायेत आमचे!”