घळ आणि कडुनिंब

जळगावच्या एका कॉलेजात मी भूगोल शिकवते. दरवर्षी एका तासाला फळ्यावर तापीचं खोरं काढते. उत्तरेला सातपुडा वर उचलला गेला, मधली पट्टी खचली, आणि डोंगराच्या अंगावरची माती, वाळू, गोटे वाहून येऊन तो खोलगट भाग भरत गेला. कसदार जमीन म्हणून आपण जी मिरवतो, ती बरीचशी डोंगराची झीज. पोरं वहीत उतरवून घेतात, मी पुढच्या मुद्द्याकडे वळते. आमच्या शेताचा विषय मात्र त्या तासाला मी कधी काढत नाही.

शेत मुक्ताईनगरच्या बाजूला, पण नदीपलीकडे, सातपुड्याच्या अंगाला. विहीर खणली तेव्हा कातळ लागलाच नाही. पिवळी माती आणि गोल गोटेच निघत राहिले. एकेकाळी भर घालणारी नदी आता तीच भर कापते आहे. ती खोल गेली की काठच्या घळीही खोल जातात आणि पावसाळ्यागणिक शेतात शिरत राहतात. आमच्या घळीच्या माथ्याशी एक कडुनिंब होता. त्याच्या सावलीत आई दुपारची भाकरी खायची. आमच्याकडे राख चांगदेवला, नद्यांच्या संगमावर सोडतात, पण आईने आधीच बजावून ठेवलं होतं, "मले पान्यात नका सोडू. अठीच राहू द्या." म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिची राख त्या कडुनिंबाच्या बुडाशी मातीत मिसळली.

तेव्हापासून आबांना घळ डोळ्यांसमोर नकोशी झाली. त्यांनी माझ्या धाकट्या भावाला ती बुजवायला सांगितली. आमच्याकडे सगळे हेच करतात. जेसीबी लावायचा, कडेचे उंचवटे तोडून घळीत लोटायचे, वर ठिबक अंथरून केळी लावायची. मी म्हटलं, भरावाची माती सैल असते, पाणी आतून वाट काढतं. त्यापेक्षा वरचं पाणी वळवा, काठाला गवत धरू द्या.

"गवत धरेपर्यंत झाड राहीन का?" आबा म्हणाले.

मी चिडले, पण खरं सांगायचं तर ती घळ बुजावी असं मलाही वाटत होतं.

पहिल्या वर्षी केळी अशी आली की भाऊ मला फोटो पाठवून चिडवायचा, "मॅडम, तुमची घळ कुठी हाये?" मग ठिबकच्या नळीखाली एक भोक दिसलं. त्याने त्यात दगड कोंबले. हल्ली पाऊस महिनाभर दडी मारतो आणि मग सगळा एकदम कोसळतो. त्या वर्षीही तसंच झालं. श्रावणात उन्हाने भेगाळलेल्या जमिनीत पाणी सरळ खाली उतरलं, भराव आतून पोकळ झाला आणि केळीसकट बसला. कडुनिंबही त्याच्याबरोबर गेला.

फोन आला तशी मी बस पकडून गेले. आबा नव्या काठापासून थोडं मागे बसले होते.

"ही माती कुठी गेली आसन?" त्यांनी विचारलं.

"नदीत. तिथून खालच्या धरणात. पाणी संथ झालं की गाळ तळाशी बसतो."

"म्हंजे समुद्रात नही जात?"

"बरीचशी नाही जात."

हे मी वर्गातल्या आवाजात सांगितलं, कारण दुसऱ्या आवाजात मला बोलताच आलं नसतं. आई नको म्हणत होती तिथेच गेली होती. ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

उन्हाळ्यात त्याच धरणाचं पाणी मागे हटलं की लोक ट्रॅक्टर घेऊन गाळ आणायला जातात आणि शेतात पसरतात. आबा आजवर त्यांची टिंगल करायचे. आपल्या शेताले काय कमी हाये, म्हणायचे. या मे महिन्यात त्यांनी आपणहून भावाला एक ट्रॉली गाळ आणायला सांगितला.

"एका ट्रॉलीनं काय व्हतं, आबा?" भाऊ म्हणाला.

मी सुट्टीला घरीच होते. आबांनी ट्रॉली घळीपासून लांब, विहिरीच्या अंगाला उभी करायला लावली. भाऊ ती उलटी करायला निघाला तसा आबांनी हात वर केला.

"अशी ओतू नको. हळू उतरव."

भावाने माझ्याकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं. आबा घमेल्याने गाळ उतरवू लागले, ढेकूळ आलं की हाताने फोडायचे. मला रडू येत होतं, ते मी येऊ दिलं. मग चपला काढून बांधावर ठेवल्या आणि त्यांच्या हातातलं घमेलं दुसऱ्या बाजूने धरलं.