पाळण्यावरची पांढरी दोरी

आमच्या भावोजींना बाजारात सगळे 'हलवून बघ' म्हणतात. मोटारसायकलवर सामान बांधून झालं की ते दोन्ही हातांनी ते गदागदा हलवतात, मग सामान धरून अख्खी गाडीच हलवतात, आणि निघाल्यावर पहिल्या चौकात उतरून पुन्हा तेच. चार धक्के बसले की सामान आपली जागा करून घेतं आणि पट्ट्या सैल पडतात, असं त्यांचं म्हणणं. चौकातला चहावाला रोज विचारतो, "आज तरी सुटलं का काही?" एकवीस वर्षं त्याची निराशा होतेय. आरसे, अंड्यांचे ट्रे, छापखान्याचे गठ्ठे, सगळं जिथल्या तिथे पोचलंय.

सुटलं काही नाही, पण एकदा मोडलं होतं, आणि तेही आमच्याच घरचं. माझे यजमान म्हणजे भावोजींचे थोरले भाऊ. ते सुतार. भावोजींनी मोटारसायकलवरून सामान पोचवायचा धंदा सुरू केला त्या पहिल्या वर्षी ह्यांनी केलेलं ड्रेसिंग टेबल त्यांनी गिऱ्हाइकाकडे नेलं, तर तिथे उतरवताना एक पाय सांध्यातून निखळून हातात आला. भांडण झालं नाही. आमच्याकडे भांडत नाहीत, नुसते गप्प बसतात, त्याचा जास्त त्रास होतो. त्या दिवसापासून ह्यांचं प्रत्येक कपाट आणि खुर्ची टेम्पोने जायला लागली. भाऊ भिंतीपलीकडे राहतो, त्याची गाडी आमच्याच दारात उभी असते, आणि हे टेम्पोवाल्याला फोन लावतात. भावोजींनी कधी विषय काढला नाही. मला मात्र ते वर्षानुवर्षं टोचत होतं.

यंदा आमच्या लेकीला मुलगी झाली. तिच्यासाठी ह्यांनी आधीच दीड महिना खपून जमिनीवर डुलणारा पाळणा केला होता. एक खिळा नाही, सगळं लाकडी खुंट्या आणि सरसावर. सुटं करून न्यायचं म्हटलं तर ते शक्यच नव्हतं. लेक बाळाला घेऊन दवाखान्यातून अकराला घरी येणार, तेव्हा पाळणा खोलीत असलाच पाहिजे, असं ह्यांनी ठरवून टाकलं होतं. आणि आदल्या संध्याकाळी टेम्पोवाल्याचा फोन आला की लेकीच्या गल्लीत पाइपासाठी रस्ता खणलाय, कडेने फक्त दुचाकी जाते.

ह्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. मग मला म्हणाले, त्याला विचार. तुमचा भाऊ आहे, तुम्हीच विचारा, असं मी म्हणून बघितलं. अर्थात विचारायला मीच गेले. भावोजी एवढंच म्हणाले, "मागच्या चाकात हवा भरून ठेवतो, वहिनी."

सकाळी त्यांनी गाडी मधल्या स्टँडवर घेतली, कॅरिअरच्या फळीवर जुनी गोधडी अंथरली आणि पाळणा चक्क उलटा ठेवला. ह्यांच्या कपाळावर आठी चढली. वजन खाली राहतं आणि सपाट कड फळीवर बसते, असं भावोजींनी शांतपणे सांगितलं. मग जुन्या ट्यूबच्या पट्ट्या आडव्यातिडव्या घेतल्या, प्रत्येक कोपऱ्याखाली पुठ्ठा सरकवला, टोकं आत खोचली आणि मागचा दिवा झाकला जात नाही ना ते बघितलं. शेवटी गदागदा हलवलं. पाळणा किंचित डुलला आणि जागेवर आला. ह्यांचा जीव तिथेच वरखाली झाला. सुताराला काही हललेलं खपत नाही. भावोजींचं उलट. थोडं हललं पाहिजे, नाहीतर खड्ड्यातला सगळा दणका सांध्यावर बसतो, असं ते नेहमी म्हणतात.

भावोजी हात धुवायला आत गेले आणि ह्यांनी खिशातून पांढरी दोरी काढली. सरस वाळेपर्यंत चौकटी आवळून ठेवायची त्यांची ती दोरी. पाळण्याच्या एका पायावरून घेऊन कॅरिअरला अशी आवळली की लाकूड करकरलं, वर दुहेरी गाठ मारली. उरलेलं हातभर टोक चाकाकडे लोंबत राहिलं. मी दारातून बघत होते. बोलायला हवं होतं. पण एवढ्या वर्षांनी दोघं एका गाडीभोवती उभे होते, त्यात मी कशाला मिठाचा खडा टाकू, असं वाटलं आणि मूग गिळून बसले.

भावोजी आले, बसले, किक मारली. वर हे म्हणाले, आज चौकात थांबत बसू नकोस, उशीर होईल.

आम्ही दोघं रिक्षाने लांबच्या रस्त्याने निघालो. ती पंधरा मिनिटं माझा जीव टांगणीला लागला होता. टोक चाकात गेलं तर पाळणा राहिला बाजूला, माणूस रस्त्यावर. एका धडधाकट माणसाला मी शिष्टाचारापायी मरायला पाठवलं असं मनात येत राहिलं. शेवटी ह्यांना सगळं सांगितलं, टोक लोंबत होतं म्हणून. हे रिक्षावाल्याला दोनदा म्हणाले, जरा जोरात घ्या.

खणलेल्या कडेने आम्ही जवळजवळ पळतच गेलो. लेकीच्या दारात गाडी उभी होती. पाळणा जसाच्या तसा बांधलेला, आणि पायरीवर भावोजी ओठांना बाटली न लावता वरून पाणी पीत बसलेले. दादा आल्यावरच सोडायचा म्हणून थांबलो, म्हणाले. मला रडू आलं, डोळे मी पदराने पुसले.

पांढरी दोरी होती तिथेच होती. हे सोडवायला वाकले. गाठीला नख लावून ओढतात तोच ती एका ओढीत सुटून हातात आली. टोकही कुठे लोंबत नव्हतं, नीट गुंडाळून आत खोचलेलं होतं.

"ही माझी गाठ नाही," हे म्हणाले.

"चौकात सैल करून परत बांधली," भावोजी म्हणाले. "तुझी होती म्हणून काढली नाही."

ह्यांनी दोरी बोटांभोवती गुंडाळली. मग हळूच म्हणाले, "त्या ड्रेसिंग टेबलालाही शेवटची दोरी मीच आवळली होती. तू आत गेला होतास."

"माहीत आहे. तेव्हा मी चौकात थांबायचो नाही, दादा. तिथून शिकलो."

एकवीस वर्षं हा माणूस हे मनात ठेवून भिंतीपलीकडे राहत होता, आणि मी ह्यांची बाजू घेऊन लोकांना सांगत होते की भावोजींचा हात जरा कच्चाच. मला फार लाज वाटली. पण लाज वाटून घ्यायलाही वेळ मिळाला नाही, कारण गल्लीच्या तोंडाशी लेक आणि जावई बाळाला घेऊन येताना दिसले. दोघा भावांनी पाळणा उचलून आत नेला. बाळ त्यात ठेवल्यावर दोन वेळा डुललं आणि झोपून गेलं. भावोजींनी सवयीने पाळण्याच्या कडेला हात लावून हलवून बघितलंच, त्यावर लेक हसली आणि म्हणाली, काका, हा आता कुठे जायचा नाही.

सोमवारी चार खुर्च्या जायच्या होत्या. ह्यांनी टेम्पोला फोन केला नाही. भावोजींनी खुर्च्या एकात एक अडकवून बांधल्या, हलवल्या आणि पाणी मागायला म्हणून आत आले. मी तांब्या दिला तर दोन घोट घेऊन ते ओट्याला टेकून गप्पाच मारत बसले, माझ्या गुडघ्यांची चौकशी, बाळाची चौकशी. इतका वेळ ते कधी बसत नाहीत. मी खिडकीतून बाहेर बघितलं. हे गाडीपाशी उभे होते, पांढरी दोरी हातात. खुर्च्यांभोवती एक फेरी मारून झाली, मग दुसरी. मग त्यांनी दोरीची घडी केली, त्यांच्या सुतारकामाच्या कारखान्याच्या दारामागच्या खुंटीला अडकवली आणि आत येऊन भावाला म्हणाले, "निघ आता. चौकात थांबशील ना?"