चिमूटभर मातीचा बग

जठारपेठेतल्या आमच्या ऑफिसात तीन टेबलं, दोन हेडसेट आणि एक सतत गळणारा कूलर होता. फवारणी करताना मजुरांना विषबाधा झाल्याच्या बातम्या तेव्हा दर पावसाळ्यात यायच्या. त्यामुळे एका संस्थेने आम्हाला काम दिलं होतं. डोळ्यांवर हेडसेट चढवला की माणूस कपाशीच्या शेतात उभा राहणार, हातमोजे घालणार, औषध कालवणार, वारा बघणार आणि फवारणार. सगळं बरोबर केलं तर पास, आणि पास झाला तर प्रशिक्षणाचं कार्ड. दर्यापूरकडच्या ज्या गावांत ही संस्था काम करायची, तिथे कार्ड असलेल्यालाच फवारणीला बोलवायचं असं ठरलं होतं.

ते शेत मी बांधलं होतं, म्हणजे स्क्रिप्ट माझी होती. उभ्या जन्मात मी कपाशीचं एक बी टोबलेलं नव्हतं, पण एका ओळीच्या कोडने चारशे झाडं उगवतात याचा मला तेव्हा फार अभिमान वाटायचा.

पहिल्या गटात अकरा जण होते. दहा पास झाले. अकरावे पन्नाशीचे एक शेतमजूर काका, ते तीनदा नापास. वारा बघायची पायरी आली की त्यांचा सीन आपोआप पहिल्यापासून सुरू व्हायचा आणि तिसऱ्या वेळी स्क्रिप्ट नापास लिहून मोकळी व्हायची. आमचे सर म्हणाले, "त्याईले समजून नसन राहिलं. सोडून दे."

मी सोडलं नाही. यात दयाबिया काही नव्हती. माझ्या कोडमध्ये बग आहे म्हटलं की मला जेवण जात नाही, एवढंच. लॉगमध्ये दर वेळी एकच ओळ होती : हाताचा माग सुटला, सीन रीसेट. मी फोन करून हातात धरायच्या कंट्रोलरचे सेल बदलायला लावले. खिडकीतलं ऊन सेन्सरवर पडत असेल म्हणून पडदे लावायला सांगितले. त्यांच्या ढगळ बाह्यांवरही संशय घेऊन झाला. ऑफिसात मी स्वतः तो सीन दोन दिवस करत बसले, एकदाही बिघडला नाही. शेवटी वैतागून दर्यापूरची बस धरली आणि तिथून जीपने गाव गाठलं.

चाचणी शाळेच्या एका खोलीत चालायची. काका निंदण अर्धवट टाकून आले होते. हेडसेट चढवण्याआधी म्हणाले, "मॅडम, यंदा कार्ड नाई भेटलं तं पंपाचं काम गेलंच म्हना. आता या वयात मले दुसरं कोन देते?"

माझी नजर लॅपटॉपवरच होती; चौथ्यांदाही तेच झालं. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "काका, राहू द्या ते हेडसेट. वावरात कसं करता, ते नुसतं करून दाखवा."

ते अंगणात गेले. खाली वाकले, चिमूटभर माती उचलली, छातीपर्यंत हात नेला आणि माती हळूच सोडली. ती कुठे पडते ते बघितलं. "हवा अशी चालून राहिली," म्हणाले.

मी सीनमध्ये वाऱ्यासाठी बांबूवर लाल निशाण लावलं होतं. निशाणाकडे बघितलं की वारा बघितला, असा माझा हिशोब. बाकीच्या दहा जणांनी बघितलं, कारण हिरव्या शेतात लाल असं तेवढंच होतं. काका मातीला वाकत होते. आणि मी लिहून ठेवलं होतं की हात पार जमिनीपर्यंत खाली गेला तर कंट्रोलर खाली पडलाय असं समज आणि पुन्हा सुरू कर. आमच्याच हातून ऑफिसात कंट्रोलर पडायचे, म्हणून लिहिलेली ओळ ती. मी चांगलीच ओशाळले.

तिथेच बाकावर बसून ती ओळ काढली. माती उचलता येईल आणि सोडली की वाऱ्याबरोबर उडेल, असं केलं. तासभर गेला. काका दारात बसून होते.

पाचव्यांदा ते वाकले. माती हातात आली. सोडली, ती भर्रकन त्यांच्याच अंगावर आली. निशाण छान फडफडावं म्हणून मी वारा जोरात ठेवला होता.

काकांनी पंप खाली ठेवला. "आज नाई फवारत."

माझ्या स्क्रिप्टमध्ये यापुढे एकच रस्ता होता : वाऱ्याकडे पाठ करायची आणि फवारायचं. न फवारण्याची सोयच नव्हती. लॅपटॉपवर उरलेले सेकंद कमी होत होते. मी घाईने म्हटलं, "काका, पाठ फिरवा आणि मारा. नाही तर हे नापास करेल तुम्हाला."

हेडसेट लावलेलं तोंड फळ्याकडे करून ते शांतपणे म्हणाले, "मांगच्या साली अशाच हवेत मारलं, अन् आठ दिवस दवाखान्यात पडलो. वावरात मालकाले नाई म्हनता येत नाई, मॅडम. इथं तं म्हनू द्या."

सेकंद संपले. माझ्या स्क्रीनवर लाल अक्षरांत नापास आलं. इतकी लाज मला आजवर कुठल्याच बगची वाटली नव्हती.

त्यांनी हेडसेट काढला, घाम पुसला आणि विचारलं, "झालो काय पास?"

मी लॅपटॉप माझ्याकडे वळवून हो म्हटलं, आणि मग ते हो खरं करणारी ओळ लिहायला घेतली.